उसना आवाज

त्या गुरुवारी कोकिळाबाईंनी देवघरातला दिवा साडेतीन वाजताच लावला.

एरवी तो तिन्हीसांजेला लागायचा. दिवा लागला की पोथीचा एक अध्याय वाचून होईस्तोवर खोटं बोलायचं नाही आणि कोणावर आवाज चढवायचा नाही, असा त्यांचा नेम होता. भागवत पोटात असताना शेगावला महाराजांसमोर हात जोडून घेतलेला, चोवीस वर्षांचा नेम. तो त्यांनी कधी मोडला नव्हता; पण गेले सात गुरुवार त्याला चुकवलं मात्र होतं. सरहद्दीवरच्या पोस्टवरून भागवतचा फोन यायचा चारच्या सुमाराला. तोवर दिवा लागलेला नसायचा, म्हणून खोटं बोलता यायचं.

खोटं एकच होतं. बाबा बरे आहेत.

बाबा बरे नव्हते. पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी पंजाबरावांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अकोल्याच्या दवाखान्यातून आणल्यापासून ते ओसरीत बाजेवर पडून होते. समजत सगळं होतं, पण बोलायला गेले की घशातून नुसता हुंकार निघायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज कानाशी बसून एकेक शब्द म्हणवून घ्या. तेवढं कोणाच्यानं झालं नव्हतं.

"पोराले सांगाचं नाही," धाकटे दीर शेषराव तेव्हाच म्हणाले होते. "त्याच्या हातात बंदूक हाय, समोर दुश्मन हाय. मन फिरलं म्हणजे?" फौजेतल्या पोराला घरचं वाईट कळवायचं नाही, ही गावाची रीतच. भेटायला आलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कोकिळाबाईंनीही डोलावली.

पण भागवत दर वेळी विचारायचा, "बाबा कुठी हाय?" शेतात गेले, शेगावले गेले, डोळा लागला. कारणं संपली तेव्हा शेषरावांनी फोन हातात घेतला. दोघा भावांचा आवाज एकच. नवी नवरी असताना कोकिळाबाई दिराची हाक नवऱ्याची समजून पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या होत्या. घर वर्षभर हसत होतं. सॅटेलाइट फोनच्या घरघरीत तर प्रश्नच नव्हता. "हाव बेटा, बरा हाय मी," शेषराव म्हणाले, आणि बाजेवर पंजाबरावांनी डोळे मिटून घेतले.

मग शेषरावांना त्याची गोडीच लागली. धुतलेली टोपी घालून पावणेचारलाच येऊन बसू लागले.

मागच्या गुरुवारी भागवतनं विचारलं, "बाबा, रस्ता बंद व्हाच्या आधीची शेवटची सुट्टी माह्या नावावर हाय. पण माह्यासंगच्या रावतच्या बायकोचे दिवस भरत आले. त्याले देऊ का? तुमी म्हणसान तसं."

"दे बेटा," शेषराव म्हणाले. "पुण्याचं काम हाय."

बर्फानं रस्ता एकदा बंद झाला की एप्रिलपर्यंत कोणी खाली उतरत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"भाऊजी, हे कोणाले इचारून सांगतलं?"

"दादा अशा कामाले कधी नाही म्हणत नाही. नाही म्हणलो असतो तं त्याले शंका आली असती, वहिनी."

त्यावर कोकिळाबाई आठ दिवस दिराशी बोलल्या नाहीत. आठ दिवस त्यांच्या हातची भाकरी करपत होती.

आज शेषराव आले, दिवा पाहून दारातच थबकले.

"आज लवकर लावला?"

"हाव."

"फोन याचा हाय न अजून."

"म्हणूनच."

फोन वाजला. शेषरावांनी सवयीनं हात पुढे केला, तो तसाच राहिला.

"भागवत, नीट आयक," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुह्या बाबाच्या अंगावरून वारं गेलं. पोळ्यापासून. बोलता येत नाही त्याईले."

पलीकडून आवाज यायला नेहमी क्षणभर लागायचा. आज जास्त लागला.

"मंग माह्यासंग कोण बोलून राह्यलं होतं?"

"तुहा काका."

"अन् तू?"

"मी बाजूले उभी होती."

"माय, इथं आख्खी पोस्ट माह्या भरवशावर झोपते. तुमाले माह्या भरवशावर एक खरं नाही बोलता आलं?"

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"सुट्टी मांगून पाह्य ना बापू परत," त्या म्हणाल्या.

"रावत सकाळीच उतरला. आता एप्रिल. स्पीकर लाव."

त्यांनी लावला.

"काका, आयकून राह्यले का?"

"हाव बेटा," शेषरावांच्या तोंडून गेलं. हुबेहूब पंजाबराव.

"बाबाच्या आवाजात लय बोलले तुमी. आता तुमच्या आवाजात सांगा, ते सुट्टी तुमी कोणाची देल्ली?"

शेषरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. फोन घरघरत राहिला. आठवड्याला भागवतच्या वाट्याला येणाऱ्या पाच मिनिटांतला वेळ चालला होता.

"बाबाजवळ ने फोन."

कोकिळाबाईंनी तो उशाशी धरला. पंजाबरावांच्या गळ्याच्या शिरा ताठल्या. हुंकार निघाला. "आयकतो बाबा, बोला," भागवत म्हणाला. पुन्हा हुंकार, मग अजून एक, मोठा, बाज हलेल एवढा. त्याच्यावरच लाइन कटली.

"वहिनी, मी पोराच्या भल्यासाठीच..."

"नका सांगू." त्यांचा आवाज चढला. दिवा समोर जळत होता, अध्याय अजून वाचायचा होता. ठाऊक असूनही त्यांनी आवाज उतरवला नाही. "पोराले फसवाले टायमावर येत होते ना टोपी घालून? आता उद्यापासून रोज या, अन् भावाले बोलतं करा. एप्रिलपर्यंत. पोरगा उंबऱ्यात आला म्हणजे त्याच्या बापानं त्याले हाक माराले पायजे. तुमी नाही."

शेषराव उठले, बाजेशी जाऊन बसले. भावाच्या कानाशी वाकून म्हणाले, "दादा, म्हण. भा-ग-वत."

पंजाबरावांनी डाव्या हातानं बाजेची कड धरली, सगळा जोर लावून अंग वळवलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

"पुन्हा म्हणा," कोकिळाबाई म्हणाल्या, आणि पोथी उघडून बसल्या.