एक हात खिशात

करमाडच्या अलीकडे जालना रस्ता सोडून आत वळलं की पत्र्याची एक लांबट शेड लागायची. तिच्या एका टोकाला बोअरची मोटार होती आणि दुसऱ्या टोकाला सावनीची गिटार. सोळा सालच्या त्या उन्हाळ्यात औरंगाबाद चहूकडे पसरत चाललं होतं. ज्या वसाहतींच्या कमानींवर सरोवरांची आणि सरितांची नावं कोरली होती, त्यांच्या नळांतून नुसती हवा शीळ घालत होती. ती तहान ऋतुराजचे वडील, कारभारी, टँकर पाठवून भागवत. त्या तहानेवरच बँड चालला होता. ऋतुराज ड्रम वाजवी, सावनी गिटार.

सावनी छावणीजवळच्या एका कारकुनी घरातली. त्या घरात दुःखसुद्धा हलक्या आवाजात मांडलं जाई. आपला आवाज एखाद्या भिंतीला धडकून परत येतो, हे तिला प्रथम या शेडमध्ये कळलं, आणि ते ऋतुराजमुळे कळलं, हे ती कधी विसरली नव्हती.

तिच्या रॅकमध्ये, त्या लोखंडी मांडणीत, प्रीॲम्प होता, इफेक्टचं यंत्र होतं. उणीव होती ती पॉवर ॲम्पची. वरच्या सगळ्या सुरांना छाती देणाऱ्या शेवटच्या यंत्राची. पुढच्या आठवड्यात पहिलं रेकॉर्डिंग होतं. ऋतुराजनं पुण्याहून दोन ट्यूब ॲम्प आणवले होते, तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, एक नवा, एक जुना. तिनं एक निवडायचा, दुसरा परत जायचा.

नवा कितीही वाढवला तरी निर्मळ राही, आणि त्या निर्मळपणात एक निर्दयता होती. जुना अर्ध्यावरच फाटू लागे. पण फाटताना तो खाली, मातीच्या थरात उतरत जाई, आणि तिथं सावनीला आपला आवाज भेटे. ऋतुराजला नवा हवा होता. ऐकणाऱ्याच्या बरगडीत लाथ बसली पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

जुन्यात एक खोट होती. सकाळी झाकण काढून तिनं मीटर लावलं, तेव्हा प्लग उपसलेला असूनही काटा खाली यायला तयार नव्हता. बंद केल्यावर आतली साठलेली वीज हळूहळू उतरवणारा तुकडा कधीचा जळून गेला होता. छावणीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्यानं शिकवलेल्या रीतीनं तिनं डावा हात जीन्सच्या खिशात घातला आणि उजव्यानंच ती वीज उतरवली. दोन्ही हात आत गेले तर विजेची वाट काळजातून जाते; म्हणून एक हात खिशात. ऋतुराज तिला तसं उभं पाहून हसून लोटपोट झाला होता. मोटारी खोलण्यात त्याचं बालपण गेलं होतं, आणि मोटारीचा कायदा साधा होता: मेन पाडली की वीज मेली.

दुपारी तिनं जुना ॲम्प पुन्हा लावला. एक स्वर धरला, तो वाढत गेला, आणि मधेच गुडघ्यात मोडल्यासारखा खचला. ट्यूबांची नारिंगी धग मंदावली. पलीकडे कुणीतरी मोटार चालू केली होती, आणि तिनं वीज ओढली होती.

तो सांडू होता, शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा. बोअर घेतली तेव्हा कारभारींनी वस्तीला शब्द दिला होता की रोजचं पहिलं पाणी तिथल्या जनावरांचं. पहिलं पाणीही टँकरांना देऊन ऋतुराजनं तो शब्द त्या आठवड्यात मोडला होता. सांडूनं आज विचारलं नाही. त्यानं खटका दाबला आणि जनावरांच्या हौदाकडचा कॉक फिरवला.

ऋतुराज ड्रमवरून उठला. जाताना त्यानं टँकरच्या नळीचं लोखंडी तोंड उचललं.

सावनीनं गिटार स्पीकरच्या कॅबिनेटला टेकवली आणि ती दाराशी धावली. पहिला घाव सांडूच्या खांद्यावर बसला, दुसरा जबड्यावर. म्हातारा हौदाच्या कडेवर पडला. त्याच्या तोंडातून दात आणि रक्त एकदमच पाण्यात उतरलं. ऋतुराजनं मोटार बंद केली आणि पुन्हा त्याच्याकडे वळला. मोटार थांबताच शेडमधल्या ट्यूबा भरून पेटल्या. कॅबिनेटला टेकून एकटी उरलेली गिटार आपसूक घुमू लागली, किंचाळू लागली. घाव पडत होते आणि त्यांचा आवाज येत नव्हता. सांडूचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. बांधापलीकडे सरपण गोळा करणाऱ्या बायांनी मानसुद्धा वळवली नाही. या शेडमधून असलं ओरडणं त्या रोजच ऐकत होत्या.

सावनी वळली आणि तिनं ॲम्पचा प्लग उपसला.

मग म्हाताऱ्याचं कण्हणं ऐकू आलं. बायांनाही आलं. त्या बांधावरून धावत निघाल्या, आणि ऋतुराजचा हात खाली आला.

तो आत आला तेव्हा कोपरापर्यंत भिजलेला होता, पाण्यानं आणि रक्तानं. सावनीनं सांगितलं की सांडूला ती दवाखान्यात नेते आहे, आणि इथं ती परत येणार नाही.

"अन् ही ॲम्पची पेटी? ही घेऊन जाशील?" त्यानं विचारलं.

तिची नजर जुन्या ॲम्पवर गेली, आणि त्याला तेवढं पुरलं. सकाळपासून झाकणाचे स्क्रू सैलच होते. त्यानं ते झाकण ओढून भिरकावलं.

"लई जीव आहे ना हिच्यावर? आतडीच काढतो हिची."

त्याचे दोन्ही ओले हात त्या उघड्या पोटावर आले. सावनीच्या तोंडात वाक्य तयार होतं. ते तिनं धरून ठेवलं. हौदातला तांबडा धागा तिच्या डोळ्यांपुढे हलत होता, आणि एका श्वासापुरतं तिला वाटलं की हे यंत्र आपण निवडलंच आहे; आता ऋतुराजचं काय ते यंत्रालाच निवडू द्यावं.

"ऋतुराज, आत वीज आहे," ती म्हणाली. "एक हात खिशात घाल."

तो हसला. "व्हय का, बाईसाहेब?" असं म्हणत त्यानं डावा हात ऐटीत खिशात खुपसला, सकाळी ती उभी होती तसा डौल करून छाती काढली, आणि उजवा हात आत घातला.

फटाक् झालं. त्याचा हात कुणी लाथाडल्यासारखा उसळला आणि तो ड्रमवर उताणा कोसळला. ड्रमची पितळी थाळी किती तरी वेळ थरथरत राहिली. मांस जळल्याचा वास आला. तो श्वास घेत होता. डावा हात अजून खिशातच होता, आणि तो सावनीकडे असा पाहत होता, जणू तिनंच मारलं होतं.

बायांनी सांडूला उचलून तिच्या गाडीपर्यंत आणलं. ॲम्पसाठी म्हणून मागची सीट तिनं सकाळीच मोकळी केली होती. तिच्यावर म्हाताऱ्याला आडवं केलं. गिटार, रॅक, दोन्ही ॲम्प शेडमध्येच राहिले.

जालना रस्त्यावर ट्रकांची रांग तुंबली होती. मागून सांडू तुटक बोलला, रक्त गिळत.

"ताई, म्या बोंबललो व्हतो."

तिनं आरशात पाहिलं.

"ते यंत्र... जरा आधी बंद करायला पायजे व्हतं."

"हो," सावनी म्हणाली, आणि हॉर्न दाबला तो हात तिनं उचललाच नाही.