चार खळगे

प्रयोगशाळेत सगळे त्याला गमत्या म्हणत. नमुन्यांची पेटी उघडता उघडता तो असं काही बोलून जाई, की शेजारच्या टेबलावरची मुलगी हातातलं काम खाली ठेवून हसत बसे. गेले आठ महिने मात्र त्याला त्या नावानं हाक मारायची कुणाची छाती होत नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी त्याची सात वर्षांची लेक वर्गात रक्ताची उलटी होऊन कोसळली. सारखी गुणगुणायची म्हणून घरी तिला भुंगी म्हणत. पोटात व्रण होता, तो फुटला आणि ती गेली. "अचानक झालं, कुणालाच कळलं नसतं," असं डॉक्टर म्हणाले होते, आणि त्या एका वाक्याच्या आधारावर तो दिवस ढकलत होता.

आता, कुणालाच कळलं नसतं हे काही खरं नव्हे. भुंगी किती दिवस सांगत होती, पोट दुखतं म्हणून. आणि हा शहाणा काय करायचा? "बरं बाई शाळेच्याच वेळेला दुखतं! सुट्टीच्या दिवशी त्यालाही सुट्टी असते वाटतं?" असं म्हणून दप्तर तिच्या खांद्याला अडकवायचा. तीही हसायची. माणूस वाईट नव्हता हो, पोरीवर जीव टाकायचा. फक्त सगळं चेष्टेवारी न्यायचा.

आज भुंगीचं रक्त त्याच्यासमोर होतं. मुलांच्या पोटात घर करणाऱ्या, कधी कधी व्रणही करणाऱ्या एका जंतूवर तिथं संशोधन चालू होतं. शाळेतल्या मुलांचं दरवर्षी रक्त घ्यायचं, त्यातलं सीरम गोठवून ठेवायचं, आणि शेवटी एकेका मुलाची सगळी वर्षं एकाच प्लेटवर शेजारी शेजारी तपासायची. नळ्यांवर नावं नसतात, नुसते आकडे. पण ते आकडे चिकटवले होते त्यानंच, आणि लेकीचा आकडा कुठला बाप विसरतो?

"ही पेटी दुसऱ्या कुणाला देते," मॅडम म्हणाल्या. संशोधन त्यांचं होतं.

"नको. तिचं मीच करतो."

तिच्या चार वर्षांच्या चारही नळ्यांत तळाला थोडंथोडंच उरलं होतं. तपासलं की संपलं, मग तिचं म्हणून जगात काही राहणार नव्हतं. तरी त्यानं प्लेटवरचे चार इवलेसे खळगे भरले, धुतले, रंगाचं पाणी घातलं आणि वाट पाहिली. जंतूशी लढायला शरीरानं प्रतिपिंडं केली असतील, तर खळगा पिवळा होतो.

चौथ्या वर्षीचा खळगा पाण्यासारखा राहिला. पाचव्याचा पिवळा झाला. सहाव्याचा गडद, सातव्याचा त्याहून गडद.

म्हणजे दोन वर्षांहून जास्त. तो हसत होता तेव्हा पोरीचं रक्त आतल्या आत झगडत होतं.

मॅडमनी खुर्ची ओढून घेतली. "हे बघ, या प्लेटवरची निम्मी पोरं पिवळी आहेत. त्यातली बहुतेक मजेत हुंदडताहेत. प्रतिपिंडं दिसली म्हणजे जंतू आला होता, एवढंच. तिला तेव्हा दुखत होतं का, हे यावरून कुणीच सांगू शकत नाही."

शास्त्र म्हणून त्यात चूक काही नव्हतं, आणि त्याला तेवढंच हवं होतं. कदाचित नसेलही दुखत. कदाचित शेवटच्या दिवसापर्यंत ती खरंच नाटक करत असेल. घरी पोहोचेपर्यंत त्यानं स्वतःला जवळजवळ सोडवून घेतलं होतं.

बायको धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यानं चार खळग्यांचं सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या तेही सांगितलं, आणि म्हणाला, "तिला दुखत होतं की नाही, ते आता कळायचं नाही."

तिनं हातातली घडी मोडली, पुन्हा घातली.

"दुखायचं," ती म्हणाली. "मला सांगायची. मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडचं औषध आणून द्यायचे. बाबांना सांगू नकोस म्हणायची, ते हसतात. त्या दिवशी सकाळी पण दुखत होतं. तू तिचा डबा भरत होतास. तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा म्हणून."

त्यानं घड्यांच्या ढिगातला वरचा कपडा उचलला, तसाच परत ठेवला.

"आणि मी राहिले रे," ती म्हणाली.