लोखंड लागलं का पसरते

माझा थोरला भाऊ उकंडा राळेगावच्या एका जिनिंगमध्ये कापसाचा ग्रेडर होता. गाडी आत आली की तो कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला बुचका ओढून काढायचा आणि त्यातली एक सरकी दाढेखाली धरायचा. कट्ट वाजली तर कापूस वाळलेला. नुसती चेपली तर ओला, मग शेतकऱ्यानं कितीही शपथा घेतल्या तरी उपयोग नाही. एवढ्या सरक्या फोडूनही त्याच्या दाढा शाबूत होत्या. तोंड मात्र मिटत चाललं होतं.

मला ते कळलं त्याच्या जेवणावरून. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्याकडे गेले, तर कोकिळावहिनी त्याला भाकर दुधात कुस्करून देत होती, लहान लेकराला देतात तशी. झुणक्याला तो हातही लावत नव्हता. मी म्हटलं, "दादा, आ कर." माझी दोन बोटं जेमतेम आत गेली. गालाची आतली बाजू पांढरी आणि ताठ झालेली. डावीकडे, जिथे तो खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं घोटलेलं मिश्रण, दाबून ठेवायचा, तिथे एक लालसर चट्टा होता.

मी कळंबला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि चिडते. दोन्ही कामं मन लावून करते. दुसऱ्याच दिवशी त्याला ओढत यवतमाळला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी चट्टा पाहिला आणि म्हणाल्या, याचा तुकडा काढून तपासायला हवा, उशीर नको. उकंडा खुर्चीतून उठला, बाईंना जयभीम केला आणि सरळ बसस्टँडकडे चालू लागला.

"काहून उठला?" मी मागून ओरडले.

"लोखंड लागलं का पसरते. मायचं काय झालं, मालूम नाही का तुले?"

मालूम होतं, पण ऐकून. माय गेली तेव्हा मी अमरावतीला शिकत होते. तिच्या गालात फोड झाला होता, तो बरा होईना. उकंडानं तिला नागपूरला नेलं, तिथे तुकडा काढला, कॅन्सर निघाला, आणि त्यानंतर काही महिन्यांतच माय गेली. तिच्या जलदानविधीच्या दिवशी, भरल्या मांडवात, मायची बहीण शकुमावशी त्याला म्हणाली, "तूच मारलं माह्या बहिणीले. चांगली चालतीबोलती होती. लोखंड लावून आणलं." त्यानंतर उकंडानं मावशीच्या गावची वाट सोडली.

मायची पहिली दोन लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा तिनं त्याला उकिरड्यावर ठेवून उचललं आणि नावही तसंच ठेवलं, मरणाची नजर चुकावी म्हणून. जिनं आपल्याला असं राखलं तिलाच आपण मारलं, हे मनात धरून तो माणूस जगत होता आणि खर्रा घोटत होता.

त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कापसापेक्षा पत्रकार जास्त पिकत. कोणता शेतकरी कसा मेला हे विचारायला पार दिल्लीहून गाड्या येत. खर्र्यानं मरणाऱ्याला मात्र कोणी विचारत नसे, त्याच्या घरचेसुद्धा नाही. मी ठरवलं, याला असा जाऊ द्यायचा नाही.

रविवारी मी जिनिंगमध्येच जाऊन धडकले. तो कापसाच्या गंजीला टेकून बसला होता.

"गंजीत आग धुमसत असन तर आम्ही गंजी फोडत नाही," तो शांतपणे म्हणाला. "फोडली का हवा लागते, अन् भडकते. दाबून ठेवा लागते. तू एवढी शिकली, तुले एवढं समजत नाही?"

मला राग आला, कारण कापसाच्या बाबतीत तो बरोबर होता.

"आगीले हवा लागते, दादा. या रोगाले कोणाची गरज नाही. हे आपला रस्ता आपणच कापते."

मग मी त्याला सांगितलं. वर्गात सांगते तसं नाही, कारण वर्गात मी पोर्शनच्या मागे असते. अंगातल्या पेशी मोकळ्या फिरत नाहीत, धाग्यांच्या विणीत बसलेल्या असतात. ही वीण शरीरच विणतं आणि जुनी झाली की शरीरच तोडतं. तोडणाऱ्या रसायनांना आम्ही एन्झाइम म्हणतो, पुस्तकात विकर लिहितात. बोट कापलं की हीच विकरं जखमेच्या कडेची वीण थोडी सैल करतात, वाट होते, बाजूच्या पेशी सरकत येतात आणि जखम भरते. सुपारीनं धागे जास्त विणले जातात, आणि कातडं कमवावं तसे इतके पक्के होतात की विकरांना ते तोडता येत नाहीत. म्हणून गाल ताठतो, तोंड उघडत नाही.

"मंग चांगलंच आहे ना," उकंडा म्हणाला. "धागे तुटतच नाही तर पसरन कसं?"

प्रश्न एवढा नेमका होता की मला त्याला दोन मार्क जास्त द्यावेसे वाटले. म्हटलं, बिघडलेली पेशी गप्प बसत नाही. ती विकरं भरमसाट करायला लागते. तोंडाच्या कातडीखाली एक पातळ पडदा असतो, पहिल्यांदा ती तोच कापते. आणि नुसती वाट होत नाही. त्या धाग्यांमध्ये वाढीचे निरोप अडकून पडलेले असतात. धागे तुटले की ते सुटतात आणि पेशीला सांगतात, वाढ, चाल. वाट कापता कापताच तिला चालायचा हुकूम मिळतो. डॉक्टर तुकडा काढतात तो पडदा शाबूत आहे की कापला गेला, एवढं पाहायला.

तो बराच वेळ हातातल्या कापसाचे तंतू ओढत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "म्हणजे मायचं, लोखंड लागाच्या पहिलेच चालून राह्यलं होतं?"

"पहिलेच. नागपूरले पोचली तवा ते गळ्याच्या गाठीत गेलं होतं."

"मी नेलं म्हणून नाही?"

"नाही दादा. तू नाही मारलं मायले."

माझा भाऊ रडला. तोंड पुरतं उघडत नसल्यामुळे त्याला धड हंबरडाही फोडता येईना, नाकातूनच आवाज येत राहिला. मला ते पाहवेना. गाडीवाले पाहत होते, त्यांच्याकडे पाठ करून मी उभी राहिले.

डोळे पुसून तो म्हणाला, "देतो तुकडा. पण पहिले हे मावशीसमोर सांग."

"मावशी ऐंशीला टेकली, दादा. तिले मी विकरं शिकवू?"

"शिकव. मास्तरीण कायले झाली मंग?"

दुसऱ्या दिवशी त्याच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून, सगळ्या गावाला दर्शन देत, मी मावशीच्या दारी उतरले. ती अंगणात बरबटीच्या शेंगा सोलत होती. मला म्हणाली, "ये बाई." त्याला काही म्हणाली नाही. तो फाटकापाशी सायकल धरून उभा राहिला.

मी सगळं पुन्हा सांगितलं: वीण, पडदा, विकरं. खरं सांगते, फार छान सांगितलं. मावशी शेंगा सोलत ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "किती दिवस लागते पडदा कापाले?"

"नक्की नाही सांगता येत. महिने लागते, वरीसही लागते."

"म्हणजे फोड झाला अन् आम्ही घरीच बसलो, तवा ते कापूनच राह्यलं होतं?"

"हो ना. म्हणूनच लवकर..." मी म्हणाले, आणि थांबले. मावशीचे हात थांबले होते.

"उकंड्या पोळ्यालेच म्हणे, नागपूरले नेऊ," ती म्हणाली. "मी नाही म्हटलं. झरीकडचा मुळीवाला आणला. पुढचा पोळा आला तरी त्याचीच मुळी उगाळत होतो. दवाखान्यात गेलं का माणूस वापस येत नाही, असं म्हणून मीच बसवून ठेवलं तिले."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. उकंडानंही नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरला होता. त्याला फक्त स्वतःवरचा डाग पुसायचा होता. तो पुसला की कुठे जाऊन लागेल, याचा विचार त्यानंही केला नव्हता आणि मी तर मुळीच नाही. एकाच्या गळ्यातलं काढून मी दुसरीच्या गळ्यात बांधलं होतं. आपण शिकवलं ते खोटं असावं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

उकंडानं सायकल फाटकाला टेकवली, आत आला आणि मावशीशेजारी मातीत बसला.

"कायले ऐकतं हिचं," तो म्हणाला. "हे पुस्तकातलं सांगते. मायचं पहिल्या पोळ्याच्या आधीच पसरलं होतं. तवा नेलं असतं तरी तेच झालं असतं. हो ना, साधना?"

त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. कुणालाच ते कधी कळणार नव्हतं. आकृतीत एक नाव चुकलं तरी अर्धा मार्क कापणारी मी म्हणाले, "हो मावशी."

मावशीनं दोघांकडे पाहिलं. "दोघंही खोटं बोलून राह्यले," ती म्हणाली. मग तिनं उकंडाच्या ताठ गालावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. तसंच बसून म्हणाली, "यवतमाळची गाडी कवा आहे? मी येतो संग."

ती आली. तुकडा काढताना बाहेर बाकावर बसली, नंतर रिपोर्ट यायचा होता तितके दिवस उकंडाकडेच राहिली. कोकिळावहिनीला म्हणे, घरी मन लागत नाही. खर्र्याची पन्नी दिसली की चुलीत टाकायची.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या समोर बसलो. दार उघडं होतं, बाहेर बाकांवर माणसं दाटली होती, बहुतेकांच्या गालांत काहीतरी होतंच. बाईंनी कागद वाचला आणि म्हणाल्या, पेशी बिघडल्या आहेत, पण पडदा अजून शाबूत आहे. चट्टा काढून टाकू. "लवकर आणलं, म्हणून वाचला."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. पण उकंडा हसला नाही. तो घाबरून मावशीकडे पाहत होता. मीही पाहिलं. तिचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती.

"पुन्हा सांगा, बाई," शकुमावशी म्हणाली. "मोठ्यानं सांगा. बाहेर बसले त्यायलेही ऐकू जाऊ द्या."