सहाशे प्रती

"हे शेवटचं पान एवढं रडकं कशाला?" नव्या साहेबांनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. "लोकांनी अंक हौसेने उघडावा, असं ठरलंय ना आपलं?"

इस्पितळाचं मासिक वार्तापत्र कारकून बावीस वर्षं काढत होता. त्याला नवं रूप द्यायचं ठरल्यावर त्याने मुलीच्या हातापाया पडून संगणकावरची मांडणी शिकून घेतली होती. मोठे फोटो टाकले, रंगीत चौकटी केल्या, साहेबांचं मनोगत निम्म्यावर आणण्याचं धाडससुद्धा केलं. फक्त 'आपल्यातून गेलेले' हे सदर जसंच्या तसं ठेवलं. सर्जन असो की सफाई कामगार, तिथे सगळ्यांना एकाच मापाचं अक्षर. या महिन्यात एकच नाव होतं. धुलाईखान्यातला म्हातारा, तेहतीस वर्षं चादरी धुतलेला.

"साहेब, लोक अंक मागूनच उघडतात," तो चाचरत म्हणाला.

"मग तिथेच हसरा चेहरा टाका! खाली पान मोकळं सोडा, नजरेला बरं वाटतं. आणि हे बघा, बाहेरची एक कंपनी हे काम करायला टपून बसलीय. मीच म्हटलं, आधी आपल्या माणसाला संधी देऊ."

निवृत्तीला दोन वर्षं होती. त्याने सदर काढलं. बोट एकदाच दाबावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यातून सहाशे प्रतींचे गठ्ठे आले. फाटकाजवळच्या बाकावर म्हाताऱ्याची बायको येऊन बसलीच होती. नाव येईल, असा शब्द कारकुनानेच तिला दिला होता. तिच्यासाठी त्याने जुनं शेवटचं पान जोडून एकच प्रत गुपचूप काढली होती. देताना त्याला स्वतःची लाज वाटली.

तिने नावावरून बोट फिरवलं. "मोठ्या डॉक्टरांसारखंच छापलंत की, भाऊजी! हे सगळ्यांना मिळेल ना?"

"उद्या सकाळी वाटतील, वहिनी."

"मग बरं झालं. परवा धुलाईखान्यात त्यांचा डबा न्यायला जायचंय. इस्पितळातले बरेच जण अजून विचारतात, बरे आहेत का म्हणून. आता वाचलेलं असेल सगळ्यांनी. मला तोंडाने सांगावं लागणार नाही."

तो वर आला आणि खुर्चीत बसला. कंपनी, साहेब, दोन वर्षं, सगळं डोक्यात गरगरत होतं. मग त्याने पहिल्या गठ्ठ्याची सुतळी सोडली. हसऱ्या चेहऱ्याखाली चार बोटं जागा मोकळी होती. तिथे त्याने पेनाने लिहिलं: आपल्यातून गेलेले. खाली नाव, धुलाईखाना, तेहतीस वर्षं.

पहिल्या काही प्रतींवर अक्षर वाकडं आलं. चाळिसाव्या प्रतीपर्यंत ते सरळ झालं.

फोन वाजला. मुलगी होती. "बाबा, आवडला का साहेबांना नवा अंक?"

"आवडला की," तो म्हणाला. "थोडं काम राहिलंय. जेवून घ्या तुम्ही."

फोन खांद्यावर मानेने दाबून धरत त्याने पुढची प्रत ओढली.