थंड इंजिनाचा पंखा

मोनालीने चावी फिरवली, आणि रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीचा पंखा एकदम घरघरत सुटला. ओट्यावर चहा पीत बसलेल्या दिनानाथने कप खाली ठेवला.

"थंड इंजिनाला पंखा कशाला लागतोय?" त्याने विचारलं.

"कालपण असंच झालं, बाबा. हा पिवळा दिवाही जात नाही. टेंपरेचरचा काटा तर तळाशी बसलाय, हलतच नाही."

उठून बोनेट उघडावं असं दिनानाथच्या मनात आलं, पण तो जागचा हलला नाही. सारं आयुष्य त्याने पनवेल ते पुणे फियाट टॅक्सी चालवली होती, तीही जुन्या हायवेवरून, एक्स्प्रेस वे नव्हता तेव्हापासून. मग साखरेने नजर अधू केली, लायसन गेलं, आणि फियाट तळोज्याच्या भंगारवाल्याकडे गेली. तिला नेलं त्या दिवशी तो मुद्दाम बाजारात जाऊन बसला होता. पुढे मोनालीने गाडी घेतली तेव्हा ती प्रेमानेच म्हणाली होती, "बाबा, हिच्यात हात घालू नका हां, सगळं इलेक्ट्रॉनिक आहे." पोरीचा शब्द त्याने मनाला लावून घेतला. त्यानंतर त्या बोनेटला त्याने बोटही लावलं नव्हतं.

रविवार होता, मोनालीच्या कंपनीला सुट्टी. गाडी सत्यजीतच्या गॅरेजला न्यायचं ठरलं. बापलेक निघाले तशी मोनालीची आई, जनी, पदराला हात पुसत बाहेर आली.

"मी पन येते."

"तू गॅरेजात येऊन काय करशील?" दिनानाथ हसला.

"बसून ऱ्हाईन," ती म्हणाली आणि मागचं दार उघडून बसलीसुद्धा. देवळात जायलाही चार वेळा बोलवावं लागणारी बाई आपणहून गाडीत बसली, याचं दिनानाथला नवल वाटलं.

सत्यजीतचं गॅरेज जुन्या हायवेला लागूनच होतं. त्याच्या वडिलांनीच दिनानाथची फियाट वर्षानुवर्षं सांभाळली होती. आता भिंतीवरच्या पान्यांच्या शेजारी एक स्कॅनर लटकत होता. सत्यजीतने त्याची वायर स्टिअरिंगखाली जोडली, पडद्याकडे पाहिलं आणि तो मोठ्याने हसला.

"काका, गाडी काय म्हणतेय सांगू? इंजिनाचं तापमान उणे चाळीस!"

"पनवेलात?" दिनानाथने कपाळावरचा घाम पुसला. "हिमालयात उभी केली काय रे तू तिला?"

"टेंपरेचर सेन्सर गेलाय," सत्यजीतने सांगितलं. "तो इंजिनाच्या पाण्यात टोक बुडवून बसलेला असतो. पाणी किती तापलंय ते कॉम्प्युटरला कळवत राहतो. त्याने कळवायचं बंद केलं की कॉम्प्युटरला काही समजत नाही. मग तो जोखीम घेत नाही, पंखा कायमचा चालू ठेवतो, पेट्रोलही जास्त सोडतो."

"म्हणूनच ॲव्हरेज पडलंय," मोनाली म्हणाली.

"आणि खरंच इंजिन तापलं असतं तर काट्याने तुला सांगितलंही नसतं. बरं झालं, वेळेत आणलीस. पण आधी थंड होऊ दे. आत्ता झाकण उघडलं तर तोंडावर वाफ येईल."

"ते मला नको सांगू," दिनानाथ म्हणाला आणि त्याने शर्टाची उजवी बाही वर केली. मनगटावर कातडीचा एक गुळगुळीत, फिकट पट्टा होता.

मोनालीने तो लहानपणापासून पाहिला होता. भाजलंय एवढंच तिला माहीत होतं. "हे कसं झालं, ते कधी सांगितलं नाहीत."

दिनानाथ टायरच्या चळतीवर टेकला. इंजिन निवेपर्यंत वेळच वेळ होता.

"मे महिना होता. पुण्याची भाडी घेऊन निघालो आणि कोन गावातच गाडी उकळली. पाइपातून पानी गळत होता. पॅसेंजर बसले झाडाखाली, मला बोलायला लागले. मी तरणाबांड, डोकं गरम. फडका घेतला नि फिरवलं झाकण. फस्सकन वाफ आली नि हात भाजला. कळवळत समोरच्या घरात शिरलो. तिथे एक पोरगी हंडा घेऊन विहिरीवरून येत होती."

"मी नव्हता बोलावला तुमाला," जनी मध्येच म्हणाली.

"बोलावलं नाय, पन हात धरून हंड्यात घातलास का नाय?"

"अख्ख्या हंड्याचं पानी खराब केलं यांनी," जनी मोनालीला म्हणाली. "आईने मला कसल्या शिव्या घातल्यान! पुन्हा विहिरीवर गेले मी."

"आणि दुसरा हंडा गाडीत ओतलास."

"ओतणार नाय तर काय? झाडाखालची मानसं ताटकळली होती."

सत्यजीत हातातला पाना विसरून ऐकत होता. पुढचं दिनानाथने थोडक्यात सांगितलं. हात बरा झाल्यावर तो आभार मानायला कोनला गेला. मग गाडीत पाणी भरायच्या निमित्ताने जाऊ लागला. भर पावसाळ्यात, गाडी तापायचं काही कारण नसताना तो पाणी मागतोय हे जनीच्या बापाच्या लक्षात आलं आणि त्याने सरळ विचारलं, "पोरा, तुला पानी पायजे का पोरगी?"

मोनाली हसत सुटली. जनीने तोंड फिरवलं, पण पदराआड तीही हसत होती.

लग्नानंतर जनी रोज सकाळी लोटाभर पाणी फियाटच्या रेडिएटरमध्ये ओतायची. त्यातून थोडं जमिनीवर सांडायचं, मग ती बोनेटवर हात ठेवून म्हणायची, "तापू नको गं." घाटात, खोपोलीच्या वर, गाड्या रांगेने उकळत उभ्या असायच्या. मोबाईल नव्हता. नवरा रात्री परतेपर्यंत तिच्या हातात तेवढंच होतं. हे सांगताना दिनानाथचा आवाज जरा खाली आला. ते लोटाभर पाणी आपल्याला कधी फारसं दिसलंच नाही, हे त्याला आत्ता, बोलताबोलता जाणवलं.

इंजिन निवलं. सत्यजीतने झाकण काढलं आणि त्याचा चेहरा बदलला. हिरवं असायला हवं ते कूलंट चहासारखं गढूळ झालं होतं. त्याने सेन्सर काढून तळहातावर ठेवला. टोकावर चुन्यासारखा पांढरा थर होता आणि वायरच्या पिना हिरव्या पडून झिजल्या होत्या.

"बोअरिंगचं पाणी," तो म्हणाला. "कुणीतरी रोज वरून ओततंय. क्षार धरलेत, आतून गंजही सुटलाय. सांडलेलं पाणी नेमकं या प्लगवर पडतं, त्यानेच पिना गेल्या."

मोनालीने वडिलांकडे पाहिलं. "बाबा! मी तुम्हाला सांगितलं होतं ना?"

दिनानाथला राग आला. आजवर हातही न लावल्याचं हे फळ! तो बोलणार, तेवढ्यात त्याची नजर जनीकडे गेली. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सेन्सरवरून तिची नजर हटत नव्हती. आज ती गॅरेजात का आली, ते त्याला कळलं.

"हो," तो म्हणाला. "मीच. जुनी सवय. चुकला."

"खोटं नका बोलू," जनी हळूच म्हणाली. "मोना, मी ओतते. तू आंघोळीला जातेस तवा. बोनेटचा खटका तुझाच बघून शिकले."

बाहेर रस्त्यावरून एक कंटेनर खडखडत गेला.

"तू त्या एक्स्प्रेसवर जातेस," जनी पुढे म्हणाली. "मोठमोठ्या गाड्या अंगावरून जातात. मला त्यातलं काय कळत नाय. मला एवढाच येतो. पंखा बोंबलायला लागला तवा वाटला, आपल्याच हातून काय तरी झाला. सांगायची हिंमत नाय झाली."

मोनाली आईजवळ गेली आणि तिच्या खांद्याला बिलगून उभी राहिली. "अगं, मला सांगायचंस तरी," एवढंच ती म्हणाली.

सत्यजीत कामाला लागला. सगळं पाणी काढून त्याने इंजिन आतून धुतलं, नवा सेन्सर बसवला, प्लग बदलला, कूलंट भरलं. गाडी सुरू केल्यावर पंखा गप्प होता. काटा हळूहळू उठला आणि मधोमध येऊन थांबला. मग त्याने जनीला बोनेटजवळ बोलावलं.

"काकू, ही पांढरी बाटली बघा. ही वरची रेघ, ही खालची. हिरवं पाणी दोन्हींच्या मधे असलं की गाडी ठणठणीत. झाकण उघडायचं नाही, नुसतं बाहेरून बघायचं, सकाळी, गाडी थंड असताना. खाली गेलं तर मोनालीला सांगायचं. हे काम तुमचं."

"माझं?"

"तुझंच," मोनाली म्हणाली. "मी कुठे बघतेय रोज?"

सोमवारी जनी पहाटे उठली. चष्मा लावून, बाटलीपुढे वाकून तिने त्या दोन रेघांमधलं हिरवं पाणी नीट पाहिलं. मागे पावलं वाजली म्हणून तिने वळून बघितलं, तर दिनानाथ पायऱ्या उतरत होता. इतक्या सकाळी तो कधी उठत नसे.

"तुमी कशाला उठला?"

"बोनेट जड हाय," तो म्हणाला आणि त्याने एका हाताने ते वर धरून ठेवलं. "बघ तू सावकाश."