दाराची दुसरी झडप

मी कारपोर्ट बोलतोय. इकडेतिकडे बघू नका, जरा मान वर करा. घराच्या मागच्या दारापासून अंगणातल्या गॅरेजपर्यंत जे लांबट छप्पर गेलंय ना, तोच मी. चार लोखंडी खांब आणि वर पत्रा, एवढाच माझा संसार. भिंत एकही नाही. तरीही या घरात माझा उल्लेख 'प्रोजेक्ट' असा व्हायचा, त्यामुळे सुरुवातीला मीही जरा हवेत होतो.

माझा जन्म जेवणाच्या टेबलावर झाला. घरचे साहेब ऑफिसात कसलं तरी नियोजन करतात आणि उरलेलं घरी आणतात. त्यांनी लॅपटॉपवर माझं तीन रंगांत चित्र काढलं. बाईसाहेबांनी ते बघून "खांब पांढरेच हवेत" एवढा एकच बदल सुचवला आणि मी मंजूर झालो.

मला का बांधायचं, याची दोन कारणं होती. एक शेजाऱ्यांना सांगायचं. "बाबांसाठी करतोय हो. गॅरेजमध्ये जाता-येता भिजतात बिचारे." बाबा म्हणजे साहेबांचे वडील. चाळीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस. रोज सकाळी चहा झाला की ते गॅरेजमध्ये जातात आणि आपल्या लांबलचक टेबलापाशी काहीतरी तासत बसतात. घरात माणसं तीन आणि स्टुलं अकरा आहेत, ती त्यामुळेच.

दुसरं कारण आपसात बोलायचं होतं. माझे खांब अंगणात आडवे पडले होते, तेव्हा मी ते ऐकलं. "नवी गाडी गॅरेजमध्येच ठेवू," साहेब म्हणाले. "ते टेबल कोणाला तरी देऊन टाकू. बाबांना वरच्या खोलीत टीव्ही लावून देऊ." आता टेबलच गेलं तर बाबा गॅरेजकडे फिरकणार कशाला आणि भिजणार कधी, हा प्रश्न दोघांनाही पडला नाही. मी तर नुसतं लोखंड, मला पडला.

मग मोजमाप सुरू झालं. साहेबांनी शोरूममध्ये जाऊन गाडीची लांबी मोजली, उंची मोजली, आरसे उघडे ठेवून रुंदी मोजली, पुन्हा आरसे मिटून मोजली. गॅरेजचं दार मात्र त्यांनी नुसतं नजरेनं पाहिलं. ते दार दोन झडपांचं, बाहेर उघडणारं. पण डाव्या झडपेमागे टेबल असल्यामुळे गेली अकरा वर्षं उजवीच तेवढी उघडायची. त्यामुळे डावी झडप हीसुद्धा दारच आहे, हे सगळे विसरून गेले होते. साहेबांच्या चित्रात तिथे भिंत होती. माझा चौथा खांब बरोब्बर तिच्या बिजागरीच्या बाजूला, दीड हातावर आला.

"साहेब, हा खांब इथंच ना?" वेल्डरने दोनदा विचारलं.

"चित्रात आहे तिथंच."

"चित्रात आहे म्हटल्यावर बोलणंच खुंटलं," असं म्हणून त्याने खड्डा खणला. बाबा चहाचा कप घेऊन बाजूलाच उभे होते. त्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा खड्ड्याकडे पाहिलं आणि आत निघून गेले. थोड्या वेळाने रंध्याचा आवाज सुरू झाला.

नवव्या दिवशी गाडी आली. टेबल हलवण्याआधी दार उघडून बघू, असं ठरलं. साहेबांनी डावी झडप ओढली आणि ती ठणकन माझ्या खांबावर आदळली. त्यांनी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा जरा रागावून ओढली, म्हणजे लोखंड लाजून बाजूला होईल! "हळू, रंग निघेल," बाईसाहेब म्हणाल्या.

वेल्डरला बोलावलं. त्याने खांबाभोवती एक चक्कर मारली. "हा कापला तर वरचं सगळं लोंबकळेल. उतरवायचं तर सगळंच उतरवावं लागेल." नऊ दिवसांचं माझं आयुष्य! खरं सांगतो, मी घाबरलो. मोठमोठ्या गप्पा मारणारं माझं लोखंड आतून पार थंड पडलं.

तेवढ्यात साहेबांना आपला बाप सुतार असल्याची आठवण झाली.

"बाबा, तुम्ही जन्मभर दारं बसवलीत. खड्डा खणताना तुम्हाला दिसलं नाही?"

"दिसलं की."

"मग बोलला का नाहीत?"

"मला कोणी काही विचारलंच नाही," बाबा म्हणाले. "टेबलाचंही नाही."

बाईसाहेब मोबाईलमध्ये बघू लागल्या. वेल्डर शहाणा माणूस, तो आपली वायर गुंडाळत बसला. साहेब गॅरेजमध्ये शिरले आणि बाराव्या, अर्धवट स्टुलावर टेकले.

"बरं, आता विचारतो. काय करायचं?"

बाबांनी दारावर वीत टाकून मोजलं. "खांबाला हात लावू नका, त्याच्या बाजूनं गाडी जाईल. दार आत उघडणारं करून देतो, दोन दिवसांचं काम आहे. आत टेबल आड येईल, पण ते तसंही तुम्ही काढणारच आहात." परक्याच्या घरचं माप सांगावं तसे ते बोलले. हात मात्र टेबलाच्या कडेवर होता.

त्याच कडेवर करवतीचे वेडेवाकडे ओरखडे आहेत. लहानपणी साहेबांनीच केलेले. साहेबांनी त्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"मग राहू द्या दार," ते म्हणाले. "गाडी छपराखाली राहील."

म्हणजे कारपोर्टखाली गाडी उभी करायची असते, हे शेवटी साहेबांच्या ध्यानात आलं तर! आता शेजाऱ्यांना ते सांगतात, "आमचं आधीपासून हेच ठरलं होतं." मी वरून ऐकतो.

तुम्हीही कधी माझ्यासारखा कोणी बांधणार असाल, तर गाडी मोजा, आरसे मोजा, हवं तर चित्रात सात रंग भरा. फक्त त्या दारामागे जो रोज असतो, त्याला खड्डा खणण्याआधी एकदा विचारा.

माझ्या चौथ्या खांबावर बाबांनी छत्रीसाठी एक आकडा बसवलाय. त्या दिवसापासून छत्री तिथेच लटकलेली आहे. बाहेर धो-धो पाऊस पडतोय, बाबा टेबलाकडे चाललेत आणि ती अजून कोरडीच आहे.