राबावरून परतलेलं सूप

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे. माझ्या कडेची एक कांब तुटली आहे आणि पाठीवर फटी बुजवायला मेथीचा लगदा तीनदा लिंपला आहे, पण आज आनंद माझ्यात मावत नाही! म्हणून गोष्ट जरा भरभर सांगतो, सांभाळून घ्या.

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीत माझा जन्म झाला. मंगळूने बांबू चिरून कांबी काढल्या आणि त्याच्या बायकोने, ठकीने मला विणलं. चार ओळी झाल्या की ती मला उन्हाकडे धरून बघायची. उजेडाचा ठिपका दिसला की उसवून पुन्हा विणायची. मुरबाडच्या बाजारात भातशेती करणाऱ्या अंबूबाईने मला टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हेच दे गो."

मग काय विचारता! खळ्यावर अंबूबाईच्या हातांत मी नाचायचो. ती मला झटका द्यायची; भुसा पुढे उडायचा, खडा मागे राहायचा आणि भात मधोमध जमायचं. चाळणीला फक्त लहान-मोठं कळतं. मला हलकं-जड कळतं! शेजारणी म्हणायच्या, "अंबूच्या सुपातून खडा सुटायचा नाय." हे ऐकून मी फुगायचो, खोटं कशाला बोलू?

पुढे गावात मळणीचं यंत्र आलं, गिरणीतून तांदूळ साफ होऊन येऊ लागला. अंबूबाईचा मुलगा अनिल वाशिंदच्या कारखान्यात लागला. मी आधी खुंटीवर गेलो, मग पडवीत. शेवटी माझ्यात कोंबडी अंडी घालू लागली. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मे महिन्यात अनिलने घर आवरायला काढलं आणि मला उचलून थेट राबावर फेकलं! राब म्हणजे भाताच्या रोपांसाठी बी पेरायच्या जागी, जमीन भाजायला रचलेला पाला, शेण आणि काटक्या. ऊन उतरलं की तो पेटवायचा होता. जात्यातले रडतात, सुपातले हसतात असं म्हणतात. त्या दुपारी खुद्द सुपावरच रडायची पाळी आली.

तेवढ्यात घरातून अंबूबाईची किंकाळी आली.

झालं होतं असं. पावसाळ्याआधी आमच्याकडे आगोट भरतात, म्हणजे चार महिन्यांचं मीठ-मिरची, सुकी मासळी घरात आणून ठेवतात. मिठाच्या पिंपात तळाला राख घालायची, वर फडकं टाकायचं आणि मग मीठ ओतायचं, म्हणजे ओल लागत नाही. अनिलला कोपऱ्यात राखेचं पिंप दिसलं. आईने तयारी करून ठेवली, असं समजून त्याने फडकं न टाकताच पंधरा किलो खडे मीठ त्यात ओतलं. पण ते होतं बियाण्याचं पिंप! कीड लागू नये म्हणून अंबूबाई बियाण्याच्या भाताला राख चोळून ठेवते. चूक कळल्यावर अनिलने हाताने मीठ वर काढायचा प्रयत्न केला, आणि राख, भात, मीठ सगळं एकजीव करून टाकलं.

अंबूबाई पिंपाशी बसून रडू लागली. "माझ्या सासूच्या हातचं बी हाय रे ते! दुकानात नाय मिळत. मिठाला पाणी सुटलं का मेलं समज."

अनिलचा चेहरा उतरला. "गरम पाण्यात टाकू ना आये. मीठ फास्ट विरघळंल."

"उकडल्या भाताला मोड येतो का रे कधी?"

तेव्हा पुढे झाली भूमिका, अनिलची सातवीतली मुलगी. ती म्हणाली, "आजी, रडू नको. हे नुसतं मिसळलंय, बदललं नाय. राख राखच हाय, मीठ मीठच हाय. शिजलं, जळलं तर मागं येत नाय. पण मिसळलेलं सुटतं! आपलं सूप कुठंय?"

अनिलने राबाकडे बोट केलं.

मित्रांनो, ती पोर अनवाणी धावली! मला झटकलं, पुसलं, आजीच्या हातात दिलं. किती वर्षांनी ते हात लागले मला! पहिल्याच झटक्याला राख ढगासारखी उडाली. अनिल खोकत बाजूला पळाला. मग अंबूबाईने मला तिरकं धरून घोळवलं. मिठाचे जड खडे मागे सरकले, भात पुढे आलं. ठकीने विणलेली एक कांब कट्‌कन तुटली, पण मी दम सोडला नाही.

उरली भाताला चिकटलेली मिठाची भुकटी. भूमिकाने थंड पाणी ओतलं, मीठ विरघळलं. आणि काय सांगू! पोचट दाणे तरंगून वर आले, भरलेले तळाला बसले. अंबूबाई पाहतच राहिली. "कृषीवाल्या बाई हेच सांगत व्हत्या गो, मिठाच्या पाण्यात बी निवडा म्हणून. आमी कधी केलंच नाय!" वरचे दाणे कोंबड्यांना गेले. तळाचे तीनदा गोड्या पाण्यात धुऊन माझ्यातच सावलीला सुकवले. खारं पाणी परातीत उन्हात ठेवलं, तर दोन दिवसांनी मीठसुद्धा परत आलं!

पण बी जिवंत होतं का? अंबूबाईने शंभर दाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधले. तीन दिवस अनिलला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अंबूबाईने गाठ सोडली आणि दाणे माझ्यात पसरले. पांढरे, टोकदार, इवले मोड! भूमिकाने मोजले, एक्याण्णव. अनिलने आईच्या पायांना हात लावला आणि मग, हसू नका, मलाही लावला.

या धांदलीत राहून गेलेला राब त्या संध्याकाळी पेटला. मी खुंटीवरून पाहत होतो. पाला गेला, काटक्या गेल्या, मागे राख उरली. मित्रांनो, जुनी वस्तू आगीत टाकण्याआधी एकदा हातात घेऊन बघा. राखेतून भात काढता येतं, मी काढलं आहे. पण राखेतून सूप काढता येत नाही.